पुत्रशोकानंतरची बंदूक: टेनेसीच्या जॅक हिन्सनचे प्रकरण

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या उत्तर सीमेवर, केंटकीला लागून, स्ट्युअर्ट काउंटी आहे. टेनेसी आणि कंबरलंड या दोन मोठ्या नद्या इथे एकमेकींपासून काही मैलांवर, जवळजवळ समांतर, उत्तरेकडे ओहायो नदीच्या दिशेने जातात. मधला पट्टा डोंगराळ आणि दाट जंगलाचा. जॉन हिन्सन, ज्याला सगळे जॅक म्हणत, तो या भागातला सधन शेतकरी. जन्म १८०७चा. म्हणजे अमेरिकेतले यादवी युद्ध, संघराज्यातून फुटलेली दक्षिणेची राज्ये विरुद्ध उत्तर, पेटले तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, मुलाबाळांनी भरलेल्या घरातला कर्ता पुरुष.

त्याची हकिगत थोडक्यात सांगतात ती अशी: उत्तरेच्या सैन्याने दोन मुलांना विनाचौकशी मारले, बापाने खास बंदूक बनवून घेतली आणि युद्ध संपेपर्यंत तो एकटा त्या सैन्याचे अधिकारी टिपत राहिला. हकिगतीचा बराचसा भाग कुटुंबाच्या आणि परिसराच्या आठवणींतून आला आहे. त्यामुळे कुठे घरची आठवण बोलते आणि कुठे युद्धाची नोंद, हे पुढे सांगत जाईन. मला यात पाहायचे आहे ते हे की दुःखात बुडालेला शेतकरी सैनिक होतो म्हणजे नेमके काय होतो, आणि त्याला तिथे कोण आणून सोडते.

आधी शेत पाहू. या भागाचे नगदी पीक तंबाखू, तोही धुरावर वाळवायचा. हिवाळा सरता सरता वाफ्याची जमीन भाजून बी टाकायचे, वसंतात रोपे लावायची, मग उन्हाळाभर शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे, पानापानाखालच्या अळ्या हाताने वेचायच्या. कापणी झाली की झाडे काठ्यांना अडकवून उंच कोठारात टांगायची आणि खाली लाकडाचा मंद धूर दिवसेंदिवस धुमसत ठेवायचा. जाळ झाला तर वर्षाचे पीक खाक, धूर कमी पडला तर पानावर बुरशी. आपल्याकडे निपाणीच्या तंबाखूवाल्यांना या पिकाची कटकट वेगळी सांगायला नको. पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. हिन्सनच्या शेतावर गुलाम राबत. ‘साधा शेतकरी’ म्हणून त्याची जी ओळख करून दिली जाते, तीत ही माणसे दिसतच नाहीत. त्याच्या दुःखाला कमी न लेखता मी त्यांना या प्रकरणात धरणार आहे, कारण त्यांच्यावाचून ‘सैनिक झालेला शेतकरी’ या शब्दांचा अर्थ पुरता लागत नाही.

गुलाम बाळगणारा असूनही हिन्सन संघराज्यातून फुटण्याच्या विरोधात होता, असे सांगतात. त्या भागात हे नवलाचे नव्हते. टेनेसी जून १८६१मध्ये बाहेर पडले, फुटणाऱ्या राज्यांत सर्वांत शेवटी, आणि राज्यातच त्यावर उभी फूट होती. हिन्सनला दोन्ही सैन्यांपासून अंतर राखून शेती करायची होती.

फेब्रुवारी १८६२मध्ये युद्ध त्याच्या दारात आले. ६ तारखेला टेनेसी नदीवरचा दक्षिणेचा किल्ला फोर्ट हेन्री पडला. १६ तारखेला कंबरलंडवरचा फोर्ट डोनेल्सन उत्तरेच्या जनरल ग्रँटला बिनशर्त शरण आला आणि दक्षिणेचे बारा हजारांहून अधिक सैनिक कैद झाले. डोनेल्सन म्हणजे डोव्हर गाव, हिन्सनच्या बाजाराचे ठिकाण. ग्रँटच्या अधिकाऱ्यांशीही त्याचे बरे होते, अशी घरची आठवण आहे. ग्रँट पुढे गेला. मागे राहिल्या छोट्या शिबंद्या, लांबलचक नदीमार्ग आणि भोवतीचे जंगल. पुढचे सगळे त्या मागे राहिलेल्या परिस्थितीतून घडले.

कारण त्या उन्हाळ्यात सूत्र हातातून सुटत चालले होते. दक्षिणेने एप्रिल १८६२मध्ये कायदा करून स्वतंत्र छापामार तुकड्यांना मान्यता दिली होती. त्यांच्या आडून बिनमान्यतेच्या टोळ्याही फोफावल्या. ऑगस्टमध्ये छापेवाल्यांनी शेजारचे क्लार्क्सव्हिल घेतले आणि लगेच डोनेल्सनवर चाल केली. हल्ला परतवला गेला, पण शिबंदीची झोप उडाली. रात्री गोळी झाडणारा आणि सकाळी शेतात फावडे घेऊन उभा असणारा माणूस ओळखायचा कसा, हा गस्तीवरच्या प्रत्येक शिपायाचा प्रश्न होता. त्यांच्या भीतीला आधार होता, हे मान्य केलेच पाहिजे. त्यांचे साथीदार खरोखर झुडपाआडून मारले जात होते. अशा लपून मारणाऱ्याला तिथे ‘बुशव्हॅकर’ म्हणत आणि तसा शिक्का बसलेल्या माणसाला दयामाया नव्हती.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत हिन्सनचे दोन मुलगे, जॉर्ज आणि बापाचेच नाव असलेला जॅक, बंदुका घेऊन शिकारीला गेले होते. उत्तरेच्या घोडदळाच्या गस्तीने त्यांना पकडले, बुशव्हॅकर ठरवले आणि तिथेच गोळ्या घातल्या. घरची आठवण पुढे सांगते, की त्यांची मुंडकी कापून हिन्सनच्या फाटकाच्या खांबांवर लावली आणि बापाला ती पाहायला लावली.

या मृत्यूंतली एक गोष्ट अगदी साधी आहे. जंगलाच्या काठी राहणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराच्या हातात बंदूक असणे यात काहीच विशेष नव्हते. हरीण, खार, रानटर्की ही रोजच्या जेवणातली भर होती. बाहेरून आलेल्या शिपायाला मात्र बंदूकवाला तरुण म्हणजे शत्रू दिसला. चौकशीला एक दिवस दिला असता तर मुलगे कोणाचे, घर कुठले, हे डोव्हरमधल्या कोणीही सांगितले असते. तो दिवस दिला गेला नाही.

पुढे काय झाले याची सर्वांत ठोस खूण म्हणजे ती बंदूक. हिन्सनने ती मुद्दाम घडवून घेतली: अर्धा इंच व्यासाच्या गोळीची, सुमारे ४१ इंच लांब नळीची, वजनाला आठ किलोच्या आसपास. हरणामागे जंगलभर मिरवायची ही बंदूक नव्हे. इतक्या वजनाचे हत्यार माणूस एका जागी ठाण मांडून, नळी खडकावर किंवा ओंडक्यावर टेकवून चालवतो. वजनामुळे धक्का कमी बसतो, नेम हलत नाही आणि लांबवरचा मारा साधतो. म्हणजे बंदूक सांगायला गेला तेव्हाच काय करायचे ते त्याचे ठरले होते. लोक त्याला शोकाने वेडा झालेला बाप म्हणतात, पण हत्यार पाहिले की मला त्यात वेड दिसत नाही. पेरणीपासून धुराच्या कोठारापर्यंत वर्षभराचा हिशोब डोक्यात ठेवणारा माणूस दिसतो. त्याच सवयीने त्याने घरच्यांना पश्चिमेकडे नातलगांच्या मुलखात हलवले, मग कामाला लागला. पहिला बळी मुलांना मारणाऱ्या गस्तीचा लेफ्टनंट होता, असे सांगतात. त्यानंतर घर जाळले गेले आणि परतीची वाट उरली नाही.

त्याची रीत समजायला नदी समजावी लागते. नॅशव्हिल शहर उत्तरेच्या सैन्याचे मोठे कोठार होते आणि रसद वाफेच्या बोटींनी येई. बोट प्रवाहाविरुद्ध चढत असे. बेट किंवा वळण आले की पात्र अरुंद होई, पाणी जोरात धावे आणि बोट जवळजवळ जागच्या जागी फुरफुरत राही. सुकाणूवाला सर्वांत वरच्या काचेच्या खोलीत, अधिकारी डेकवर, गणवेशाच्या बटणांसकट उघडे. वर कड्यावर झाडीत बसलेल्या माणसाला घाई नसे. बंदुकीची काळी दारू मोजून नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची, ठिणगी पाडणारी छोटी धातूची टोपी बसवायची आणि थांबायचे. त्या दारूचा धूर पांढरा आणि दाट, म्हणजे गोळी सुटताच जागा उघडी पडणार. त्यामुळे एक, फार तर दोन बार आणि मग मागच्या घळीतून पसार. बोटीवरची तोफ कडा फोडून काढी तेव्हा तिथे कोणी नसे.

पण तोफेचा राग कुठेतरी उतरतच असे. त्याच वर्षी, सप्टेंबर १८६२मध्ये, मिसिसिपीकाठच्या रँडॉल्फ गावाजवळ एका बोटीवर गोळीबार झाला, तेव्हा उत्तरेच्या जनरल शर्मनने ते गाव जाळायला लावले. ज्या किनाऱ्यावरून गोळी येईल त्या किनाऱ्याने किंमत द्यायची, हा नियमच झाला होता. एकटा माणूस गोळी झाडून डोंगर पार करतो तेव्हा काठावरच्या झोपडीतली म्हातारी, तिची गाय आणि तिचा मका तिथेच असतात. हिन्सनच्या हकिगतीत या शेजाऱ्यांचा उल्लेख सहसा येत नाही.

नळीवर ३६ खुणा कोरल्या होत्या असे सांगतात. सांगोवांगीत आकडा शंभरापर्यंत चढतो. खुणांमागे निदान एक वस्तू आहे, शंभरामागे फक्त कौतुक आहे. ३६ हाही लहान आकडा नाही. आणि पहिले दोघे-चौघे सोडले तर या माणसांनी जॉर्जला किंवा जॅकला कधी पाहिलेही नव्हते. त्या बोटींवर आणि शिबंद्यांत आयोवा, इलिनॉय, इंडियाना या राज्यांतली माणसे होती, आणि त्यांतली पुष्कळशी शेतकऱ्यांचीच पोरे होती.

या प्रकरणाला जोडून एक दुसरा बाप आहे. त्याचे नाव फ्रान्सिस लीबर. मूळचा जर्मन, न्यू यॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात प्राध्यापक. त्याचे मुलगे युद्धात दोन्ही बाजूंनी होते. हॅमिल्टन उत्तरेकडून लढला आणि फोर्ट डोनेल्सनच्याच लढाईत, म्हणजे हिन्सनच्या घराजवळ, त्याने हात गमावला. बाप जखमींच्या इस्पितळांतून त्याला शोधत हिंडला. त्याच उन्हाळ्यात दक्षिणेकडून लढणारा ऑस्कर जखमी होऊन मेला.

ऑगस्ट १८६२मध्ये उत्तरेचा सरसेनापती जनरल हॅलेक याने याच लीबरला विचारले, की छापामारांचे काय करायचे, पकडल्यावर सैनिक मानायचे की गुन्हेगार. लीबरने त्यावर टिपण लिहिले आणि ते छापून सैन्यात वाटले गेले. पुढे २४ एप्रिल १८६३ला त्याने तयार केलेली नियमावली ‘सामान्य आदेश क्रमांक १००’ म्हणून निघाली. तिच्यात १५७ कलमे आहेत आणि आजच्या युद्धविषयक आंतरराष्ट्रीय कायद्याचे मूळ तिच्यात शोधले जाते. ८२वे कलम तर हिन्सनला समोर बसवून लिहिल्यासारखे आहे. नेमणूक नाही, संघटित सैन्याचा भाग नाही, सतत युद्धात नाही, मधूनच घरी जाऊन शांत माणसासारखा वावरतो, अशाने हल्ले केले तर त्याला युद्धकैद्याचे हक्क नाहीत. त्याला वाटमाऱ्यासारखे वागवावे.

त्याच नियमावलीचे २८वे कलम मात्र फारसे कोणी पुढे आणत नाही. ते सांगते की बदल्याची कारवाई निव्वळ सूड म्हणून कधीच करू नये. करायची वेळ आली तर प्रत्यक्षात काय घडले याची काळजीपूर्वक चौकशी करूनच करावी, कारण अन्यायाने घेतलेला बदला दोन्ही पक्षांना नियमांपासून दूर आणि रानटी युद्धाच्या जवळ नेतो. हिन्सनच्या मुलांना मारले गेले ते हे कलम येण्याआधीचे काही महिने. गस्तीच्या प्रमुखाजवळ तेव्हा वरून आलेले कडक हुकूम होते. हॅलेकने मार्च १८६२मध्येच मिसुरीत जाहीर केले होते, की छापामार टोळीत शिरणाऱ्याने आपला प्राण गमावला असे समजावे. हुकुमाचा कडकपणा खाली पोचला होता, चौकशीची अट मागाहून आली. माझ्या मते हिन्सन घडला तो या दोहोंमधल्या फटीत. धाक बसवण्यासाठी केलेल्या शिक्षेने शत्रू कमी झाला नाही. एक तटस्थ, सधन, मुलखाची खडान्‌खडा माहिती असलेले घर त्यांनी स्वतःच्या हाताने शत्रूकडे ढकलले.

एक घर म्हणताना अतिशयोक्ती नाही. आणखी एक मुलगा, रॉबर्ट, छापामार टोळीचा म्होरक्या झाला आणि १८६३मध्ये मारला गेला. स्थलांतराच्या धकाधकीत धाकटी दोन मुले गोवराने गेली, असे घरचे सांगत. ज्या मुलांच्या नावाने बापाने बंदूक धरली ती दोन होती, आणि ती धरल्यानंतर गेलेली त्याहून जास्त. तो घरी असता तर ती वाचली असती, असे म्हणण्याचा हक्क मला नाही. पण सूडाच्या हिशोबात ही मुले कुठे धरायची, हा प्रश्न त्या आईला पडलाच असेल.

तर मग तो सैनिक झाला का? त्याचे नाव कुठल्या हजेरीपटावर नव्हते. त्याने शपथ घेतली नाही, पगार घेतला नाही. त्याला कोणी हुकूम देत नव्हते, आणि म्हणूनच ‘आता पुरे’ असेही कोणी सांगू शकत नव्हते. माझ्या दृष्टीने सैनिकाच्या व्याख्येत हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. सैनिकाचे दुःख कितीही खोल असो, त्याची बंदूक त्याच्या एकट्याच्या दुःखाच्या ताब्यात नसते. तह झाला की ती खाली ठेवावी लागते. हिन्सनची बंदूक पूर्णपणे त्याच्या शोकाच्या ताब्यात होती.

खऱ्या अर्थाने शेतावरून उठून सैनिक झालेली माणसे त्याच काउंटीत, त्याच काळात होती. फोर्ट डोनेल्सन उत्तरेच्या हाती आल्यावर आसपासच्या शेतांवरून गुलाम पळून त्याच्या आसऱ्याला येऊ लागले आणि तिथे त्यांची वस्ती उभी राहिली. लिंकनची १ जानेवारी १८६३ची मुक्तीची घोषणा टेनेसीला लागू नव्हती. त्यामुळे सैन्यात नाव घालणे हा इथल्या काळ्या पुरुषापुढचा मोकळे होण्याचा खात्रीचा मार्ग होता. टेनेसीतून वीस हजारांहून अधिक काळे पुरुष उत्तरेच्या सैन्यात भरती झाले. तंबाखूच्या अळ्या वेचणारे हात हेच. मुले विकली गेलेली, बायको दुसऱ्या मालकाकडे, आईचा ठावठिकाणा नाही, असे दुःख यांतल्या कितीतरी जणांनी आयुष्यभर वाहिले होते, आणि त्या दुःखासाठी कुठल्याही न्यायालयाचे दार उघडे नव्हते. सूडाला कारण शोधायचेच तर ते यांच्याजवळ हिन्सनपेक्षा जास्त होते. त्यांनी शपथ घेतली, गणवेश घातला आणि कवायत केली. १८६४च्या जूनपर्यंत गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि यांना १०, त्यातलेही ३ कपड्यांचे कापून. तरीही ते रांगेत उभे राहिले.

आणि कायद्याचे कवच यांनाही नाकारले गेले. १२ एप्रिल १८६४ला मिसिसिपीकाठच्या फोर्ट पिलोवर दक्षिणेच्या जनरल फॉरेस्टच्या घोडदळाने शरण येणाऱ्या काळ्या सैनिकांची कत्तल केली. हे गणवेशातले, हजेरीपटावरचे सैनिक होते. म्हणजे एकीकडे जंगलात शिकार करणाऱ्या पोरांना चौकशीविना बुशव्हॅकर ठरवले गेले, दुसरीकडे खऱ्या सैनिकांना सैनिक मानायलाच नकार मिळाला. हिन्सनच्या हकिगतीतला अन्याय ज्याला मनापासून बोचतो, त्याला फोर्ट पिलोही बोचायला हवे. तिथे डोळे मिटणारा माणूस फक्त आपल्या बाजूचे दुःख मोजतो.

हे मी इथे आणतो, कारण हिन्सनने स्वतः शेवटी याच फॉरेस्टला वाट दाखवली. शरदात कंबरलंडचे पाणी उतरले की नॅशव्हिलची रसद टेनेसी नदीने जॉन्सनव्हिलच्या धक्क्यावर येई आणि तिथून आगगाडीने पुढे जाई. नोव्हेंबर १८६४मध्ये फॉरेस्ट पश्चिम काठाने तिथे आला. हिन्सन त्याचा वाटाड्या होता, असे सांगतात. ४ तारखेला नदीपलीकडून तोफा सुटल्या. बोटी शत्रूच्या हाती पडतील या भीतीने उत्तरेच्या अधिकाऱ्यांनी स्वतःच त्या पेटवल्या, आग धक्क्यावरच्या मालाच्या ढिगांना लागली, आणि नुकसानीचा अंदाज २२ लाख डॉलरपर्यंत गेला. युद्धाचा निकाल मात्र हलला नाही. डिसेंबरात नॅशव्हिलला दक्षिणेच्या सैन्याचा धुव्वा उडाला.

हिन्सन कधी पकडला गेला नाही. त्याच्यावर खटला झाला नाही, तसा त्याच्या मुलांना मारणाऱ्यांवरही झाला नाही. तो १८७४मध्ये वारला. पुढच्या शतकात धरणे झाली आणि जॉन्सनव्हिलचा जुना धक्का आणि नदीकाठचा बराच भाग जलाशयाखाली गेला.

डोव्हरला १८६७मध्ये राष्ट्रीय दफनभूमी झाली. आसपास पुरलेले उत्तरेचे ६७० सैनिक तिथे आणले गेले. त्यांतल्या ५१२ जणांची नावे लागली नाहीत. हिन्सनच्या मुलांची नावे आज जगभर वाचली जातात आणि ती वाचली जावीत. पण ३६ खुणांच्या पलीकडच्या माणसांचे काय? आयोवा आणि इलिनॉयच्या पलटणींच्या नोंदी उपलब्ध आहेत. कोण, कुठल्या तारखेला, कुठल्या नदीवर पडले, हे त्यांत पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. त्या नोंदी या कड्यांच्या नकाशाशी ताडून पाहिल्या तर काही खुणांना नावे मिळतील, काही खुणा खोट्याही ठरतील. हिन्सनवर पुढे जो कोणी लिहील त्याने तिथून सुरुवात करावी.